बर्फाच्या मुलुखातील जंत

थंडी ही रोगराईची वैरीण आहे आणि जेथे वर्षातील आठ-नऊ महिने भूमी गोठून टणक झालेली असते तेथे कृमिकीटकांची डाळ शिजणे शक्य नाही, ही समजूत उष्ण मुलुखातील माणसाच्या मनात इतकी खोलवर रुजलेली असते, आणि पावसाळ्याच्या अखेरीस जंतांनी खंगलेल्या शेळ्यामेंढ्या ज्याने पाहिल्या आहेत त्याच्या अनुभवाशी ती इतकी जुळते, की ती निराधार आहे असे नुसते सांगून कोणाला पटावयाचे नाही. वस्तुस्थिती मात्र अशी आहे की उत्तर कॅनडातील वृक्षहीन टुंड्रावर, नॉर्वेच्या अंमलाखालील स्वालबार द्वीपसमूहाच्या दऱ्यांत किंवा फिनलंडच्या सूचिपर्णी अरण्यांत चरणारे एखादे धष्टपुष्ट दिसणारे जनावर घेतले आणि त्याचे जठर, आतडी व फुप्फुसे उघडून पाहिली, तर सर्वस्वी निर्जंत असे जनावर क्वचितच हाती लागते. रेनडिअर घ्या, अमेरिका खंडात ज्यांना कॅरिबू म्हणतात ते त्याच जातीचे जंगली भाईबंद घ्या, केसाळ कस्तुरी-बैल घ्या, की हरिणकुळातील सर्वांत थोर देहाचा मूस घ्या. या सर्व खुरी प्राण्यांच्या देहात जंतांची वहिवाट फार जुनी आहे, आणि ती थंडीला न जुमानता नव्हे, तर थंडीशी तडजोड करून चालत आलेली आहे.

या तडजोडीचे स्वरूप समजून घ्यावयाचे तर जंताच्या आयुष्याचे दोन खंड डोळ्यांपुढे आणावे लागतात. जनावराच्या शरीरात असतो तोपर्यंत जंताला हिवाळा ठाऊकच नसतो. बाहेर उणे चाळीस अंशांचे वारे वाहत असले तरी आत त्याला बारमाही सुमारे अडतीस-एकोणचाळीस अंशांची ऊब आणि अन्नाचा अखंड पुरवठा असतो. प्रश्न उभा राहतो तो पुढच्या पिढीचा. अंडी किंवा सूक्ष्म डिंभ शेणाबरोबर बाहेर पडतात, लेंडीबरोबर गोठतात, आणि तेथून दुसऱ्या जनावराच्या मुखापर्यंतचा प्रवास त्यांना स्वतःच्या बळावर किंवा दुसऱ्या एखाद्या क्षुद्र जीवाच्या आश्रयाने पार पाडावा लागतो. थंडीचा अधिकार चालतो तो या दुसऱ्या खंडावर. पण तो अधिकार संहाराचा नाही, मुदती ठरविण्याचा आहे: केव्हा वाढावयाचे, केव्हा थांबावयाचे आणि पुरेशी ऊब जमेपर्यंत किती काळ वाट पाहावयाची, एवढेच ती ठरवते, आणि हे जंत त्या मुदती अशा काटेकोरपणे पाळतात की त्यांच्या वर्तनावरून त्या प्रदेशाच्या हवामानाचा दाखला काढता यावा.

या मुलुखात जंतांचे प्रकार अनेक आहेत. पट्टकृमींपैकी एकाचा उल्लेख येथेच करून पुढे जातो, कारण त्याची कथा थंडीपेक्षा लांडग्याशी अधिक निगडित आहे. एकायनोकॉकस नावाच्या या अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या कृमीची प्रौढावस्था लांडग्याच्या आतड्यात जाते आणि बालावस्था मूस किंवा कॅरिबूच्या फुप्फुसात, पाण्याने भरलेल्या पुटीच्या रूपाने; म्हणजे मूसला लांडग्याने खाल्ल्याखेरीज या कृमीचा संसार पुढे सरकतच नाही. सुपीरिअर सरोवरातील आइल रॉयल बेटावर, जेथे १९५८पासून लांडगे आणि मूस यांचा अभ्यास अखंड चालू आहे, तेथील मूसच्या फुप्फुसांत या पुट्या सापडतात. कॅनडातील शिकाऱ्यांना मारलेल्या मूसची किंवा कॅरिबूची कच्ची फुप्फुसे कुत्र्यांपुढे टाकू नका असे बजावून सांगितले जाते ते याच कारणाने, कारण लांडग्याची जागा कुत्र्याने घेतली की माणसाचा उंबरठा फार दूर राहत नाही. आता आपण मुख्यतः गोल शरीराच्या, सुतासारख्या कृमींकडे वळू. शीतप्रदेशाचा खरा कारभार त्यांच्याकडे आहे.

स्वालबार हा द्वीपसमूह ७४ ते ८१ अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान पसरलेला आहे. तेथील रेनडिअर आखूड पायांचा, गोलसर बांध्याचा आणि दाट केसांचा असून एके काळी शिकारीने तो जवळजवळ नामशेष होण्याच्या पंथाला लागला होता. १९२५ साली त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि हळूहळू दऱ्या पुन्हा भरू लागल्या. या बेटांवर लांडगे नाहीत, रेनडिअरला जेरीस आणणाऱ्या माश्यांचा उपद्रव नाही, आणि हिमअस्वलाचे लक्ष बहुतांशी सीलवर असते. मग येथील कळपांची संख्या आवरते कोण? याचे एक उत्तर सर्वांना ठाऊक होते. भर हिवाळ्यात कधी कधी पाऊस पडतो, तो जमिनीवर गोठून बर्फाचा कठीण थर बनतो, खुरांनी तो फुटत नाही, आणि खालच्या गवतापर्यंत तोंड न पोहोचल्यामुळे जनावरे उपासमारीने मरतात. पण दुसरे उत्तर जनावरांच्या पोटात दडलेले होते, आणि ते बाहेर काढण्यासाठी स्टीव्ह अल्बन, ऑड हाल्वोरसेन आणि त्यांच्या ब्रिटिश व नॉर्वेजियन सहकाऱ्यांना अनेक वर्षे चिकाटीने खपावे लागले.

त्यांची पद्धत सांगण्यासारखी आहे. हिवाळ्याच्या अखेरीस, जमिनीवर अजून बर्फ असताना, बर्फावर चालणाऱ्या दोन मोटारगाड्यांवरून जाळे ताणून धरून रेनडिअरच्या माद्या पकडावयाच्या, त्यांचे वजन घ्यावयाचे, त्या गाभण आहेत की नाहीत ते पाहावयाचे, कानाला खूण करावयाची, आणि त्यांपैकी काहींना जंतनाशक औषध देऊन बाकीच्यांना तसेच सोडावयाचे. पुढच्या उन्हाळ्यात दऱ्याखोऱ्यांतून पायी हिंडून त्याच खुणेच्या माद्या शोधावयाच्या आणि कोणाच्या मागे पाडस आहे याची नोंद करावयाची. त्याखेरीज मारलेल्या जनावरांची जठरे धुऊन त्यांतील जंत मोजावयाचे. आणि रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या चौथ्या जठरात हे जंत हजारांच्या संख्येने असल्यामुळे हे काम किती कंटाळवाणे असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. यांपैकी ऑस्टरटॅजिया ग्रूनेरी या जंताच्या बाबतीत २००२ साली त्यांनी जाहीर केलेला निष्कर्ष मोठा मार्मिक होता. या जंतामुळे माद्या मरत नव्हत्या. त्यांची चरबी घटत होती, आणि चरबी घटलेल्या मादीला पुढच्या हंगामात पाडस होण्याची शक्यता कमी होत होती. औषध दिलेल्या माद्यांना तुलनेने अधिक पाडसे झाली, आणि ज्या वर्षी जंतांचा भार अधिक त्या वर्षी हा फरकही अधिक.

यातून पुढे आलेला कार्यकारणभाव एका वर्षाचा नव्हता. या वर्षी दरीत रेनडिअर फार झाले की त्यांच्या लेंड्यांतून कुरणावर पडणारी अंडीही फार होतात. त्या अंड्यांतून निघालेले डिंभ गवताबरोबर पोटात जाऊन प्रौढ जंत होईपर्यंत काळ लोटतो. त्या जंतांनी मादीला क्षीण केल्याचा परिणाम त्याच्याही पुढच्या विणीत दिसतो. म्हणजे आज कमी झालेल्या पाडसांचे कारण आजच्या कुरणावर नव्हे, तर दोन वर्षांपूर्वीच्या कळपाच्या संख्येत शोधावे लागते. लांडगा भरलेल्या कळपावर त्याच दिवशी हात मारतो, परंतु जंताचा अंमल असा उशिराने बसतो, आणि ज्याचा परिणाम उशिराने दिसतो त्याच्यावर कोणी संशय घेत नाही, हा मनुष्याच्या इतिहासातलाही नेहमीचा अनुभव आहे. संख्या आवरण्याचे काम हा डोळ्यांना न दिसणारा प्राणी करू शकतो, हे वन्य सस्तन प्राण्यांत प्रयोगाने दाखवून देणारी उदाहरणे फार थोडी आहेत. स्वालबारचे उदाहरण त्यांत अग्रगण्य मानावे लागेल.

त्याच जठरात राहणारा दुसरा जंत मार्शालाजिया मार्शाली, आणि त्याचा रिवाज अगदी उलट. ऑस्टरटॅजिया अंडी घालतो ती उन्हाळ्यात, कारण त्याच्या डिंभांना वाढण्यासाठी ऊब हवी असते. मार्शालाजिया मात्र हिवाळ्यात अंडी घालतो. आरंभी हे कोणालाही विक्षिप्त वाटावे. ध्रुवीय रात्रीचा अंधार पसरलेला असताना, गोठलेल्या भूमीवर अंडी टाकून या जंताला काय साधावयाचे असेल? पण औषध देऊन निर्जंत केलेल्या रेनडिअरांची हिवाळ्याच्या पुढच्या महिन्यांत तपासणी केली तेव्हा त्यांच्या पोटांत मार्शालाजिया पुन्हा वस्तीला आलेला आढळला. म्हणजे गवत खुरांनी उकरून खाणाऱ्या जनावराला भर हिवाळ्यात, बर्फाखालच्या चाऱ्यातून, हा संसर्ग होत होता. या निष्कर्षाने एक जुनी समजूत मोडीत निघाली. थंडीत जंतांचा सर्व व्यवहार बंद पडतो असे धरून चालणाऱ्या अभ्यासकांना हे मान्य करणे भाग पडले की या व्यवहाराचा एक मोठा हिस्सा, ज्या महिन्यांत आपण जंत मोजावयास कधी गेलोच नाही, त्याच महिन्यांत चालतो. एकाच जठरात नांदणाऱ्या दोन जंतांनी वर्षाची जणू वाटणी करून घेतली आहे.

स्वालबारहून आता कॅनडाकडे, कोरोनेशन आखाताच्या काठी वसलेल्या कुगलुक्टुक या इन्युइट लोकांच्या गावाकडे वळू. या गावाच्या पश्चिमेस चरणाऱ्या कस्तुरी-बैलांच्या फुप्फुसांत १९८८ साली एक अनोळखी जंत आढळला. कस्तुरी-बैल हा नावाने बैल असला तरी शेळ्यामेंढ्यांच्या गोतातला प्राणी आहे. त्याच्या अंगावरचे केस पायांच्या घोट्यांपर्यंत लोंबतात, आणि लांडगे आले की कळपातील मोठी जनावरे पिलांना मध्ये घेऊन बाहेरच्या बाजूस शिंगे रोखून उभी राहतात. लांडग्यांपुढे उपयोगी पडणारी ही तटबंदी बंदुकीपुढे मात्र जिवावर बेतली, आणि १९१७ साली कॅनडा सरकारने शिकारबंदी केली तेव्हा हा प्राणी मुख्य भूमीवरून बहुतांशी हद्दपार झालेला होता. त्यानंतर कळप सावरले. एवढ्या मोठ्या आणि एवढ्या न्याहाळलेल्या प्राण्याच्या फुप्फुसांत एखादा अज्ञात कृमी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत लपून राहावा, हे उत्तरेच्या प्राणिशास्त्राच्या अपुरेपणाचे द्योतक आहे. १९९५ साली एरिक होबर्ग, लिडन पोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जंताचे रीतसर वर्णन प्रसिद्ध केले. उमिंगमॅकस्ट्राँजिलस पॅलिकूकेन्सिस हे त्याचे भारदस्त नाव.

फुप्फुस कापले असता त्यात गाठी दिसतात, काही वाटाण्याएवढ्या तर काही सुपारीहून मोठ्या. गाठ चिरली की आत जंतांचा गुंता. एकेक जंत साठ सेंटिमीटरहूनही लांब असू शकतो, परंतु सुतासारखा बारीक आणि गाठीत इतका वेटोळे घालून बसलेला, की तो अखंड सोडवून काढणे हे कसबाचे काम. एकेका जनावरात अशा शेकडो गाठी आढळतात. मादीच्या अंड्यांतून निघालेले डिंभ श्वासनलिकेतून वर येतात, खोकल्याबरोबर घशात येऊन गिळले जातात, आणि आतड्यांतून पार होऊन लेंडीबरोबर भूमीवर पडतात. तेथे त्यांना गाठावी लागते ती डेरोसेरास लीव्ही नावाची, शंख नसलेली एक लहानशी गोगलगाय. डिंभ तिच्या तळव्यातून आत शिरतो, तिच्या मांसात दोनदा कात टाकतो, आणि संसर्गक्षम झाल्यावर गवताच्या एखाद्या पात्याबरोबर, गोगलगायीसह किंवा तिच्यातून बाहेर पडून, पुन्हा कस्तुरी-बैलाच्या पोटात जातो. आपल्याकडे पायविहिरीच्या पाण्यातील सूक्ष्म सायक्लॉप्सच्या पोटातून नारू माणसाच्या देहात शिरत असे, आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला तो विहिरींच्या त्या पाण्याचा बंदोबस्त केल्यामुळे. कस्तुरी-बैलाच्या बाबतीत सायक्लॉप्सची जागा गोगलगायीने घेतली आहे, आणि टुंड्रावरच्या गोगलगायींचा बंदोबस्त कोण करणार?

गोगलगायीच्या देहात या डिंभाची वाढ किती ऊब मिळाली यावर अवलंबून असते, आणि ही ऊब चक्क मोजता येते. सुसान कुट्झ यांनी प्रयोगशाळेत आणि टुंड्रावर केलेल्या प्रयोगांतून असे ठरले, की साडेआठ अंश सेल्सिअसच्या खाली ही वाढ थांबते, आणि त्यावरचा प्रत्येक अंश प्रत्येक दिवसाला जमेस धरीत गेले की बेरीज सुमारे १६७ झाल्यावर डिंभ संसर्गक्षम होतो. एखाद्या दिवसाची सरासरी साडेबारा अंश असेल तर खात्यात चार अंश जमा झाले. असे बेचाळीस दिवस लाभले तर काम पुरे. पण सरासरी साडेदहा अंशांवरच अडली तर रोज दोनच अंश मिळतात आणि चौऱ्याऐंशी दिवस लागतात, आणि एवढा उन्हाळा कुगलुक्टुकच्या परिसरात कोठून आणावयाचा? अशा वर्षी गोगलगाय अर्धवट वाढलेल्या डिंभासह हिवाळ्याला सामोरी जाते आणि उरलेली वाढ, ती जगली तर, पुढच्या उन्हाळ्यावर जाते. पूर्वी हा जंत बहुधा असाच दोन उन्हाळे घेऊन पिढी पुरी करीत असे. १९९०च्या सुमारास उन्हाळे अधिक उबदार होऊ लागले आणि एकाच उन्हाळ्यात बेरीज १६७च्या पलीकडे जाऊ लागली, असे कुट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवून दिले. सरासरी तपमान एक-दोन अंशांनी वाढले या वाक्यात वर्तमानपत्र वाचणाऱ्याला विशेष काही वाटत नाही; पण मर्यादेच्या अगदी काठावर जगणाऱ्या जीवाला तेवढ्याने दोन वर्षांचे काम एका वर्षात उरकता येते, आणि कस्तुरी-बैलाच्या फुप्फुसांवरचा भार त्याच प्रमाणात वाढतो. उष्णतेच्या वाढीचा परिणाम येथे हळूहळू चढत गेलेला नाही. उंबरठा ओलांडला आणि हिशेबच पालटला.

पुढे २००८ साली हाच जंत सामुद्रधुनीपलीकडच्या व्हिक्टोरिया बेटावर आढळला, आणि २०१०मध्ये त्याच बेटावर व्हारेस्ट्राँजिलस कुळातला, प्रामुख्याने कॅरिबूच्या फुप्फुसांत राहणारा दुसरा जंतही. पूर्वी येथे अशा जंतांची नोंद नव्हती. समुद्र गोठतो तेव्हा डॉल्फिन आणि युनियन या सामुद्रधुनीच्या नावाने ओळखला जाणारा कॅरिबूंचा कळप बर्फावरून मुख्य भूमीकडे जातो आणि वसंत ऋतूत परततो. कस्तुरी-बैलही कधी कधी बर्फ ओलांडतात. म्हणजे जंतांना बेटावर नेणारी वाट पूर्वीही होती. उणीव होती ती तेथे गेल्यावर पुरेशा उन्हाळ्याची. या तपासाला स्थानिक इन्युइट शिकाऱ्यांनी लावलेला हातभार मोठा आहे. मारलेल्या जनावराची फुप्फुसे आणि लेंड्या जपून ठेवून त्या प्रयोगशाळेकडे पाठविणारे लोक नसते, तर दक्षिणेतील विद्यापीठांत बसून हे कोणालाही कळावयाचे नव्हते.

लेंडीतून डिंभ काढण्याची युक्ती अतिशय साधी आहे, आणि ती उष्ण कटिबंधातून आलेली आहे. गुस्टाव बेरमान नावाच्या वैद्याने १९१७ साली मातीतील अंकुशकृमींचे डिंभ वेगळे करण्यासाठी ती शोधली. काचेच्या नरसाळ्याच्या खालच्या टोकाला रबरी नळी लावून ती चिमट्याने बंद करावयाची, नरसाळ्यात कोमट पाणी भरावयाचे, आणि लेंड्या पातळ कापडात गुंडाळून त्या पाण्यात अर्ध्यामुर्ध्या बुडतील अशा टांगावयाच्या. पाण्याचा ओलावा लागताच डिंभ जागे होतात, कापडातून बाहेर पडतात, आणि पोहता येत नसल्यामुळे वळवळत तळाशी जाऊन बसतात. दुसऱ्या दिवशी चिमटा सोडला की पहिल्या काही थेंबांत ते हाती लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान अशा त्या देहाच्या शेपटीजवळ एक बारीक काटा दिसतो. अडचण अशी की हा काटा कस्तुरी-बैलाच्या जंतालाही असतो, कॅरिबूच्या जंतालाही असतो आणि पुढे ज्यांचा उल्लेख यावयाचा आहे त्या मेंदूच्या जंतांनाही असतो. नुसत्या डोळ्यांनी त्यांची ओळख पटविणे धोक्याचे, म्हणून अलीकडे जनुकीय कसोटीचा आधार घ्यावा लागतो.

उष्णतेने मर्यादा बदलल्याचे दुसरे उदाहरण फिनलंडचे. तेथील रेनडिअर बव्हंशी पाळीव असले तरी ते अरण्यातच मोकळे हिंडतात, आणि जंगली अरण्य-रेनडिअर व मूसही त्याच रानात असतात. सेटारिया टुंड्रा हा जंत त्यांच्या उदरपोकळीत राहतो आणि डासांमार्फत पसरतो. आपल्याकडे हत्तीरोगाला कारण होणाऱ्या कृमीचा तो कुळबंधू होय. एरवी तो फारसा उपद्रव देत नाही. परंतु १९७३ साली आणि पुन्हा २००३पासून पुढची काही वर्षे त्याने असा कहर केला, की खाटीकखान्यात येणाऱ्या जनावरांच्या पोटात सूज, पाणी आणि यकृतावर पांढुरकी साय आढळू लागली व मांस-तपासनिसांना यकृतांमागून यकृते बाद करावी लागली. दोन्ही वेळी आधीचे उन्हाळे उबदार होते. जून ते ऑगस्टची सरासरी चौदा अंशांच्या वर गेली की डासाच्या देहात या कृमीची वाढ पुरी होते, असा सौली लाक्सोनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निष्कर्ष आहे. त्यातच भर म्हणजे अशा उन्हाळ्यात डासांनी त्रस्त झालेले रेनडिअर एकत्र गर्दी करून उभे राहतात, आणि डासाला एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाणे अधिकच सोपे होते.

आतापर्यंत जे सांगितले त्यात माणसाचा हात असलाच तर अप्रत्यक्ष होता. आता ज्या दोन प्रकरणांकडे वळावयाचे त्यांत तो सरळ सरळ आहे, आणि दोन्ही ठिकाणी हेतू निःसंशय चांगला होता. न्यूफाउंडलंड आणि लाब्राडोरच्या किनाऱ्यावरील दरिद्री कोळ्यांची सेवा करणारे इंग्रज वैद्य विल्फ्रेड ग्रेनफेल यांनी, या लोकांना दूध, मांस आणि ओझी वाहण्याचे साधन मिळावे म्हणून, १९०८ साली नॉर्वेहून ३०० रेनडिअर बोटीने न्यूफाउंडलंडच्या सेंट अँथनी येथे आणविले; सोबत त्यांना सांभाळण्यासाठी सामी जमातीची कुटुंबेही आली. काही वर्षे हा उपक्रम बरा चालला, पुढे चोरट्या शिकारीने आणि व्यवस्थेअभावी तो बारगळला. रेनडिअर गेले, पण त्यांच्या देहातून आलेला एलाफोस्ट्राँजिलस रँजिफेरी मागे राहिला. हा जंत प्रथम मेंदू आणि मज्जारज्जूच्या भोवती वाढतो, मग स्नायूंत उतरतो, त्याची अंडी रक्तातून फुप्फुसांत जातात आणि डिंभ लेंडीत उतरतात. मधला मुक्काम पुन्हा गोगलगायीत. न्यूफाउंडलंडच्या कॅरिबूंमध्ये त्याने ठाण मांडले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे मागचे पाय लटपटणारे, मान वाकडी करून चालणारे, माणसाला न भिणारे कॅरिबू दिसू लागले. उत्तर अमेरिकेत हा जंत या एका बेटापुरताच स्थिरावलेला आहे, आणि बेटाला समुद्राची हद्द आहे म्हणूनच एवढ्यावर निभावले.

दुसऱ्या प्रकरणातला जंत अमेरिकेचाच रहिवासी. पॅरेलाफोस्ट्राँजिलस टेन्युइस हा केसासारखा कृमी पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या मेंदूवरील आवरणात राहतो, आणि त्या हरणाला त्याचा बहुधा काहीच त्रास होत नाही. दोघांचा सहवास इतका जुना, की एकमेकांची सवय झालेली आहे. या जंताचे डिंभ मूस किंवा कॅरिबूच्या पोटात गेले तर मात्र तो मज्जारज्जूच्या आत भलतीकडे भरकटतो आणि जनावर गोलगोल फिरू लागते, आंधळे होते, पाय ओढत चालते आणि मरते. या ‘मूस-रोगा’चे कारण विषबाधा, जंतू, गोचिडी असे नाना प्रकारचे सांगितले जात असे. ओंटारिओत रॉय अँडरसन यांनी हरणापासून मिळविलेले डिंभ गोगलगायींत वाढवून मूसच्या वासरांना खाऊ घातले आणि १९६४ साली हा वाद निकालात काढला. नवल म्हणजे रानातल्या गोगलगायींत या डिंभांचे प्रमाण पुष्कळदा शेकडा एकाहूनही कमी असते. पण पानाबरोबर नकळत पोटात जाणाऱ्या गोगलगायींची संख्या आयुष्यभरात इतकी मोठी असते, की तेवढ्यावरच जंताचे भागते. जंगलतोडीमुळे कोवळी झुडपे वाढली, पांढऱ्या शेपटीचे हरीण उत्तरेकडे सरकले, आणि त्याच्याबरोबर मेंदूतला हा भाडेकरूही मूस आणि कॅरिबूंच्या हद्दीत शिरला.

एवढे ज्ञान छापून प्रसिद्ध झालेले असताना १९६८ आणि १९६९ साली कॅनडाच्या केप ब्रेटन राष्ट्रीय उद्यानात, तेथून पूर्वी नाहीसे झालेले कॅरिबू पुन्हा वसविण्यासाठी सुमारे पन्नास जनावरे सोडण्यात आली. त्या रानात पांढऱ्या शेपटीची हरणे होती, हरणांत जंत होता आणि ओलसर भूमीवर गोगलगायी होत्या. काही वर्षांतच त्या कॅरिबूंपैकी एकही उरला नाही, आणि मृत जनावरांच्या तपासात मेंदूचा जंत निष्पन्न झाला. त्यानंतर कॅरिबूंच्या पुनर्वसनाच्या प्रत्येक बेतात हरणांच्या लेंड्यांची तपासणी प्रथम, आणि तीही एकदा नव्हे तर वारंवार, असा दंडक पडत गेला, कारण हरीण रोज डिंभ टाकतेच असे नाही आणि एका दिवसाच्या कोऱ्या अहवालाला काही अर्थ नसतो. ग्रेनफेल यांच्या काळी त्या नॉर्वेजियन जंताला शास्त्रीय नावसुद्धा मिळालेले नव्हते. ते मिळावयाला आणखी अर्धे शतक जावयाचे होते. न्यूफाउंडलंडच्या बाबतीत अज्ञानाची सबब ग्राह्य धरता येते. केप ब्रेटनच्या बाबतीत ती धरता येत नाही.